कळस आधी, पाया नंतर : संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीची कहाणी

१/१२
संगणकशास्त्रात पदव्युत्तर पदवी मिळवायची, तर आधी काय शिकलेले असावे? आज हे उत्तर कोणत्याही विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत सापडते. परंतु सत्तर वर्षांपूर्वी ते कोणापाशीच तयार नव्हते. ज्या विषयाची साधी पदवीही कुठे मिळत नव्हती, त्याच्या उच्च शिक्षणाची पात्रता ठरवायची तरी कशी?

२/१२
आरंभ केंब्रिजचा. ६ मे १९४९ रोजी तेथील गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या ‘एडसॅक’ या यंत्राने पहिला प्रोग्राम यशस्वीपणे चालवला. यंत्र सिद्ध झाले. आता ते चालवू शकणारी माणसे हवी होती. त्यासाठी १९५३ साली एक वर्षाची पदविका सुरू झाली : ‘संख्यात्मक विश्लेषण आणि स्वयंचलित गणन’.

३/१२
ही पदविका पदवीधरांसाठी होती. तिच्या नावात ‘संगणकशास्त्र’ हा शब्द नव्हता, कारण तो विषय अजून नावारूपाला यायचा होता. केंब्रिजमध्ये पदवीच्या स्तरावर संगणकशास्त्र येण्यास त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ लागला. म्हणजे कळस आधी चढला आणि पाया मागाहून भरला गेला.

४/१२
अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ साली संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. तो त्या देशातील असा पहिला विभाग मानला जातो. १९६५ साली स्टॅनफर्डमध्येही तसा विभाग उभा राहिला. तरीही विद्वानांच्या मनातील शंका फिटली नव्हती. संगणक हे तर एक उपकरण. उपकरणाचे कधी शास्त्र असते काय? ते गणिताचे वा विद्युत अभियांत्रिकीचे एक अंग का मानू नये?

५/१२
या आक्षेपांना ॲलन न्यूवेल, ॲलन पर्लिस आणि हर्बर्ट सायमन या तिघांनी १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पत्र लिहून उत्तर दिले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : जेथे घटिते आहेत, तेथे त्यांचा अभ्यास करणारे शास्त्र असू शकते. संगणक आणि त्याभोवतीचे व्यवहार हीदेखील घटितेच आहेत.

६/१२
प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. विषय स्वतंत्र ठरला, तरच त्याला स्वतःचे अध्यापक, स्वतःचा निधी आणि स्वतःच्या पदव्या मिळणार होत्या. मार्च १९६८ मध्ये एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने ‘करिक्युलम ६८’ हा आराखडा प्रसिद्ध केला. पदव्युत्तर पदवीसाठी काय लागावे, हे त्यात स्पष्ट शब्दांत नोंदवले होते.

७/१२
प्रवेशाच्या तयारीत पुढील गोष्टी अपेक्षित होत्या. एक, संगणकाची : अल्गोरिदम, प्रोग्रामिंग, संगणकाची रचना, विविक्त संरचना आणि संख्यात्मक गणित. दुसरी, गणिताची : कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता व संख्याशास्त्र. प्रवेशानंतर किमान नऊ अभ्यासक्रम पूर्ण करायचे. ते विषयाच्या तिन्ही विभागांत विभागलेले असावेत, आणि विद्यार्थी एखाद्या शाखेत ज्ञानाच्या सीमेपर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा होती.

८/१२
भारतातही क्रम तोच राहिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बांधणीचा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्या कामाचे नेतृत्व करणारे आर. नरसिंहन यांची डॉक्टरेट गणितातील होती. संगणकशास्त्राची पदवी त्या चमूत कोणापाशी असणेच शक्य नव्हते. त्या मंडळींनी यंत्र बांधता बांधताच विद्या मिळवली.

९/१२
ऑगस्ट १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला ‘आयबीएम १६२०’ हा संगणक आला. त्याच दशकाच्या मध्यास तेथे विद्युत अभियांत्रिकी विभागाच्या छत्राखाली संगणकशास्त्राचे एम.टेक.चे शिक्षण सुरू झाले. प्राध्यापक व्ही. राजारामन हे या प्रयत्नांचे एक अध्वर्यू. प्रवेश घेणारे विद्यार्थी अर्थातच इतर शाखांचे अभियंते होते. संगणकशास्त्राचे बी.टेक. कानपूरमध्ये सुरू झाले ते १९७८ साली, म्हणजे एका तपाहून अधिक काळानंतर.

१०/१२
मात्र एम.टेक.चे दार प्रामुख्याने अभियंत्यांसाठी उघडे होते. देशातील बहुसंख्य पदवीधर विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांचे. बँका, कारखाने आणि सरकारी कचेऱ्या यांत संगणक येऊ लागले, तेव्हा मूठभर अभियंत्यांवर भागणार नाही हे उघड झाले. इलेक्ट्रॉनिक्स आयोगाने संगणकीय मनुष्यबळाचा विचार करण्यासाठी राजारामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या विचारमंथनातून एमसीए ही पदवी जन्मास आली.

११/१२
ही पदवी तीन वर्षांची होती आणि अखेरचे सत्र प्रत्यक्ष उद्योगात प्रकल्प करण्यासाठी राखले होते. अभियांत्रिकीची अट गेली. गणिताची मात्र राहिली. १९८०च्या दशकात हा अभ्यासक्रम देशभरच्या विद्यापीठांत पसरला. तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झालेल्या आणि अभियांत्रिकीचा प्रवेश हुकलेल्या किंवा न परवडलेल्या विद्यार्थ्याला संगणकक्षेत्रात शिरण्यासाठी प्रथमच एक राजमार्ग मिळाला.

१२/१२
पुढे पदवीच्या स्तरावरच संगणक शिकलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले आणि २०२० साली एमसीए दोन वर्षांचे झाले. पाया भरला गेला, म्हणून शिखराची उंची कमी करता आली. आज एम.टेक.साठी गेट परीक्षा आहे, महाराष्ट्रात एमसीएसाठी सीईटी आहे. माहितीपुस्तिकेत ‘बारावीला किंवा पदवीला गणित आवश्यक’ अशी ओळ बराच काळ आढळत असे. ती ओळ केवळ कारकुनी नियम नव्हती. संगणकशास्त्राला स्वतःची पदवी नव्हती, त्या काळी गणिताच्याच आधाराने हा विषय विद्यापीठात शिरला, त्याची ती खूण होती.