भाऊ-बापू मांग नारायणगावकर : एका तमाशा फडाची जडणघडण

तमाशाचा विचार बहुधा लावणी व वग यांच्या अंगाने होतो. कलावंतांना एकत्र बांधणारी ‘फड’ ही संस्था मात्र दुर्लक्षित राहते. जुन्नर तालुक्यातील नारायणगावचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

शिरूर तालुक्यातील कवठे यमाई येथील नारायण खुडे यांनी या फडाची पायाभरणी केली. त्यांचे पुत्र भाऊ व बापू यांनी तो नावारूपास आणला. दोन बंधूंची नावे, जात आणि गाव हीच फडाची ओळख बनली. ढोलकी, हलगी व तुणतुण्याच्या साथीने गण, गवळण, बतावणी, लावणी व वग सादर करणारा असा फड यात्रांवर उपजीविका करी. पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगाव पुढे यात्रांच्या सुपाऱ्या ठरविण्याचे प्रमुख केंद्र बनले.

भाऊंची कन्या विठाबाई (१९३५-२००२) याच फडात बालपणापासून घडली. तिला १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. तरीही उत्तरायुष्य विपन्नावस्थेतच गेले. तिच्या नावे राज्य शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो मृत्यूनंतर.

सारांश, फडाने कलावंतांना नाव व रंगमंच दिला. परंतु यात्रेच्या हंगामावर विसंबलेली ही व्यवस्था त्यांना वार्धक्यातील सुरक्षितता देऊ शकली नाही. फडाच्या इतिहासाचे मूल्यमापन कलेइतकेच या आर्थिक वास्तवाच्या आधारेही व्हावयास हवे.