सात मैलांचा अनुभव

दिवाळीत करकंबला गेलो होतो. रात्रीची जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात धाकटा चुलतभाऊ आतून एक फुगलेली फाईल घेऊन आला. "दादा, यात काय चुकलंय तेवढं बघ की."

फाईल एका रस्त्याच्या निविदेची होती. हा पठ्ठ्या सिव्हिल डिप्लोमा. आठ वर्षं दुसऱ्या ठेकेदारांच्या हाताखाली मोऱ्या बांधल्या, खडी पसरली, मजुरांचे पगार वाटले. आता स्वतःच्या नावानं निविदा भरली, तर पहिल्या लिफाफ्यातच बाद! दर काय भरला होता हे कुणी बघितलंसुद्धा नाही, कारण तांत्रिक लिफाफा पास झाल्याशिवाय दराचा उघडतच नाहीत. कारण एका ओळीत लिहिलेलं: समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव नाही.

आठ वर्षांचा अनुभव आहे हो त्याला. फक्त दाखले सगळे मालकाच्या नावावर.

सरकारी भाषेत 'अनुभव' म्हणजे काय, हे त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचलं. केंद्रीय दक्षता आयोगानं डिसेंबर २००२ मध्ये याची एक चौकट घालून दिली, आणि पुष्कळ निविदांत आजही तीच थोड्याफार फरकानं दिसते. काम १ कोटीचं असेल, तर गेल्या ७ वर्षांत तशाच प्रकारचं ८० लाखांचं एक काम पुरं केलेलं हवं, किंवा ५० लाखांची दोन, किंवा ४० लाखांची तीन. गेल्या ३ वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या निदान ३० टक्के हवी. शिवाय निविदा क्षमतेचं गणित वेगळंच. गेल्या पाच वर्षांतलं सगळ्यात भारी वर्ष घ्यायचं, त्याला नव्या कामाच्या मुदतीनं (वर्षांत) गुणायचं, मग दोननं, आणि हातात असलेली कामं वजा करायची. समजा भारी वर्ष ६० लाखांचं, मुदत एक वर्ष आणि हातात ५० लाखांची कामं. उरली क्षमता ७० लाख. १ कोटीच्या कामाला हात लावायचा नाही!

नियम वेडगळ आहेत असं मी म्हणणार नाही. अर्धवट पूल आणि पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण पहिलं काम मिळायला आधीचं काम लागतं, तर ते आधीचं काम द्यायचं कुणी?

याच विचारात मला आठवली आपली बार्शी लाईट. मोडनिंबवरून पंढरपूरला जाणारी ती अडीच फुटी रुळांची गाडी घरातल्या मोठ्या मंडळींना आठवत असेलच. कुर्डुवाडी ते बार्शी लाईन १८९७ साली सुरू झाली, पंढरपूरला गाडी १९०६ साली आली. तिकडे बार्शीच्या पुढे लाईन वाढत होती, तेव्हा येडशी ते तडवळे या सुमारे सात मैलांच्या तुकड्याचं काम मिळालं ते आपल्याच सोलापूरच्या एका तरुणाला. वालचंद हिराचंद!

वालचंदांचा जन्म १८८२ चा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. रूळ टाकण्याचा अनुभव शून्य. आजचा तांत्रिक लिफाफा असता, तर आमच्या बंधूंसारखेच तेही बाद झाले असते. पण त्यांच्याबरोबर भागीदार होते लक्ष्मणराव बळवंत फाटक. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, मग ठेकेदारीत शिरलेले. रेल्वेचं काम कसं चालतं हे फाटकांना ठाऊक, भांडवल आणि धडाडी वालचंदांची. फाटक-वालचंद या भागीदारीचा जन्म तो असा.

बार्शी लाईट ही सरकारी नव्हे, विलायती खाजगी कंपनी होती, हे खरं. पण त्या सात मैलांवरून पुढची पायरी चढता आली ना! तानसाहून मुंबईला पाणी आणणारे नळ टाकण्याचं काम, बोरघाटातले बोगदे, १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, आणि वालचंदांच्या पश्चात त्याच कंपनीनं बांधलेलं कोयना धरण. कोयनेच्या वेळी कंपनीकडे अनुभवाचे दाखले ढीगभर असणार. पण सगळ्यात तळाचा कागद तडवळ्याच्या सात मैलांचा.

बोरघाटाचं नाव निघालंच आहे तर त्याच्याही आधीची एक हकिगत सांगतो. घाटातल्या पहिल्या रेल्वेचं काम १८५६ साली फॅविएल नावाच्या ठेकेदाराकडे होतं. अनुभवात खोट काढायला जागाच नव्हती, मुंबई-ठाणे लाईन बांधणाऱ्यांत तो होता. तरी १८५९ मध्ये त्यानं काम सोडलं. मग आला सॉलोमन ट्रेडवेल, तोही मुरलेला ठेकेदार. मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच तो वारला. ठेका पुढे चालवला त्याच्या बायकोनं, ॲलिसनं. तिनं अॅडमसन आणि क्लाऊझर या दोघा जाणत्या माणसांवर काम सोपवलं आणि १८६३ साली घाट खुला झाला. तिच्या नावावर कुठलं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र असणार?

म्हणजे फाटक काय नि अॅडमसन-क्लाऊझर काय, अनुभव माणसांत असतो आणि दाखला फर्मच्या नावावर निघतो. आजच्या निविदांतही अभियंत्यांची यादी मागतात, नाही असं नाही, पण पात्रता ठरते ती फर्मच्या पुऱ्या केलेल्या कामांवर. मोठ्या कामांत दोन फर्मांना भागीदारीत उतरता येतं. छोट्या निविदांत बहुतेक वेळा 'संयुक्त भागीदारी चालणार नाही' असं छापलेलंच असतं. म्हणजे ज्याला फाटक हवेत, त्यालाच ते घ्यायची मनाई!

महाराष्ट्र सरकारनं यावर एक तोड काढलेली आहे. छोट्या कामांतला ठरावीक वाटा मजूर सहकारी संस्थांना, ठरावीक वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि उरलेला खुल्या स्पर्धेला. अभियंत्यांना काम सोडतीनं, चिठ्ठी काढून मिळतं. मी बंधूंना विचारलं, "तू तिथं का नाही अर्ज करत?" तर म्हणतो, "आठ वर्षं राबलोय दादा. बेरोजगार म्हणून कशाला लिहून देऊ?"

मी काही बोललो नाही. वहिनी आतून म्हणाली, "फाईलवरच तर लिहायचंय, कपाळावर नाही." (वहिनी हे वाचणार आहे, म्हणून जसंच्या तसं दिलंय.)

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. सोडतीत नाव निघालं. एका वस्तीच्या रस्त्यावरची मोरी आहे, रक्कम इतकी लहान की सांगायला तो लाजत होता. "दाखला कुणाच्या नावावर?" मी विचारलं. "माझ्या," म्हणाला, आणि लगेच सिमेंटच्या भावावर घसरला.