अमिरातीतील आमचा ‘इकामा’ : आखातात नोकरी केलेल्यांच्या परवान्यांचा इतिहास

आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताचा, शनिवार तेल्यांचा आणि कोकणातून मुंबईस आलेल्या कुटुंबांचा इतिहास नेहमी येतो. इस्राएलला स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांविषयीही पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पोटापाण्यासाठी आखाती देशांत जाऊन, तेथे काही वर्षे राहून, पुन्हा परतलेल्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. याचे कारण उघड आहे. त्या देशात आम्ही कायमचे राहणार नव्हतो, आणि जेथे कायमचे राहायचे नसते तेथील कागदपत्रे कोणी जपून ठेवीत नाही. म्हणून या लेखात त्या कागदांचाच इतिहास सांगण्याचे योजिले आहे. ‘आम्ही’ म्हणजे मुंबईत जनरल नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन १९८० च्या दशकात दुबईला गेलेल्या परिचारिका.

मुंबईच्या नात्यातला किनारा

आज ज्याला संयुक्त अरब अमिराती म्हणतात, त्या किनाऱ्याचे मुंबईशी नाते तेलाच्या कितीतरी आधीचे आहे. आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सीचा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाती होता, आणि त्यानंतर १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या. तेथील मोती विकले जात ते मुंबईच्या बाजारात. दुबईत १९०९ साली टपाल कचेरी उघडली, ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची होती आणि तेथे हिंदुस्थानचीच तिकिटे चालत. व्यवहारातला पैसाही रुपयाच होता. १९५९ साली रिझर्व बँकेने आखातासाठी निराळा रुपया छापला, आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर तो त्या किनाऱ्यावरून गेला. आपल्या समाजालाही अरबी समुद्रापलीकडची वाट नवी नव्हती. एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यात मोडत असे आणि आपले शिपाई व कारकून तेथे नोकरीस जात.

अबू धाबीत १९५८ साली तेल सापडले आणि १९६२ पासून ते परदेशी जाऊ लागले. पाठोपाठ बांधकामे निघाली, मजूर लागले, मग दवाखाने आणि परिचारिकाही लागल्या. अल ऐनमध्ये १९६० साली एका अमेरिकन मिशनरी डॉक्टर दांपत्याने ओअॅसिस रुग्णालय सुरू केले, आणि दुबईचे रशीद रुग्णालय १९७३ साली उघडले. त्या आरंभीच्या काळात सगळेच काही कागद घेऊन आले नव्हते. केरळच्या किनाऱ्यावरून लाँचमधून येऊन खोरफक्कानजवळ पाण्यात उड्या टाकलेल्यांच्या हकिकती आमच्या मल्याळी सहकारी त्यांच्या काका-मामांकडून ऐकलेल्या सांगत. आम्ही गेलो तोवर ते दिवस संपले होते. आता कागदाशिवाय पाऊल टाकता येत नव्हते.

कफील म्हणजे काय

२ डिसेंबर १९७१ रोजी अमिरातींचे संघराज्य स्थापन झाले. रास अल खैमा पुढल्या फेब्रुवारीत सामील झाले. नव्या राज्याने १९७३ साली परदेशीयांच्या प्रवेशाचा व वास्तव्याचा सहाव्या क्रमांकाचा कायदा केला, आणि १९८० साली कामगारविषयक आठव्या क्रमांकाचा. आमचे सारे आयुष्य या दोन कायद्यांच्या चौकटीत गेले, म्हणून त्यांची रीत थोडक्यात सांगतो.

परदेशी माणसाला तेथे राहायचे असेल तर त्याच्यासाठी जामीन राहणारा कोणीतरी लागे. त्याला अरबीत ‘कफील’ म्हणतात, इंग्रजी बोलणारे स्पॉन्सर म्हणत. नोकरी देणाराच कफील असे. तो आधी प्रवेशाचा परवाना काढी. त्याची मूळ प्रत दुबईच्या विमानतळावरील काउंटरवर जमा केलेली असे आणि आमच्या हातात फक्त झेरॉक्स. मुंबईहून निघताना त्या झेरॉक्सवर भरवसा ठेवून विमानात बसायचे. तेथे उतरल्यावर ६० दिवसांच्या आत वैद्यकीय तपासणी, मग पासपोर्टात वास्तव्याचा शिक्का. यालाच ‘इकामा’ म्हणत. खासगी दवाखान्यात नोकरी असेल तर कामगार खात्याचे लेबर कार्डही लागे, त्याला बाजारात सगळे ‘बताका’ म्हणत. सरकारी रुग्णालयातील परिचारिकांना तो कामगार कायदा लागू नव्हता. त्यांच्या सेवेचे नियम निराळे होते. हे सारे कचेऱ्यांचे काम करणारा दवाखान्याचा माणूस म्हणजे ‘मंदूब’. बड्या डॉक्टरांपेक्षाही त्याच्याशी गोड बोलणे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटे.

इकामा तीन वर्षांचा असे आणि तो नोकरीला बांधलेला असे. नोकरी गेली की वास्तव्य गेले. दुसरीकडे चांगल्या पगाराची जागा मिळाली तरी कफीलचे ना-हरकत पत्र लागे, नाहीतर मायदेशी परत जाऊन काही महिने थांबावे लागे. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास इकामा रद्द होई. बाळंतपणाला मुंबईस आलेल्या परिचारिका महिने मोजत असत ते यासाठीही.

मुंबईतील खिडक्या

तिकडचे कागद होण्याआधी इकडचे व्हावे लागत. भारतात १९२२ चा जुना परदेशगमन कायदा १९८३ पर्यंत चालू होता. त्या वर्षी नवा कायदा आला आणि भरती करणाऱ्या एजंटांना सरकारी नोंदणी सक्तीची झाली. मुंबईत ‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’चे कार्यालय होते. पासपोर्टावर तपासणीचा शिक्का असलेल्यांना तेथून मंजुरी घेतल्याशिवाय आखाताच्या विमानात बसता येत नसे. शिक्षणाच्या आधारावर अनेकांना सूट मिळे. आमच्या बाबतीत मोठे काम असे ते डिप्लोमाचे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग मंत्रालयातील साक्षांकन, मग परराष्ट्र खाते, शेवटी अमिरातीची वकिलात. प्रत्येक ठिकाणी मागच्या बाजूस एक शिक्का वाढे. आमच्या डिप्लोमांच्या पाठी पाहिल्या तर पुढच्या बाजूपेक्षा त्यांवरच जास्त मजकूर आढळेल.

वैद्यकीय तपासणीचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. आम्ही स्वतः तपासण्या करणाऱ्या, तरी छातीच्या एक्स-रेच्या दिवशी आमचेच हात गार पडत. लहानपणी झालेल्या क्षयाचा जुना व्रण फोटोत दिसला तरी नव्याने येणाऱ्याला परत पाठवीत, मग आजार बरा होऊन वीस वर्षे झालेली का असेनात. कर्ज काढून आलेल्या धडधाकट माणसाला हा निकाल सांगणे हे परिचारिकेच्या कामातील अवघड काम होते.

इकाम्याखालचा संसार

या पद्धतीत सर्वांत जास्त टोचे ती पासपोर्टाची गोष्ट. कित्येक मालक नोकरांचे पासपोर्ट स्वतःच्या तिजोरीत ठेवीत. आमच्यापैकी एकीचे वडील मुंबईस वारले. ती काम करीत होती त्या खासगी दवाखान्याच्या तिजोरीची किल्ली असलेला व्यवस्थापक रजेवर गेला होता. पासपोर्ट हाती यायला दोन दिवस लागले. आपल्याकडे दफन थांबत नाही, हे वाचकांना सांगायला नको. ती पोहोचली तेव्हा शिवाचा तिसरा दिवस चालू होता. कोणी मुद्दाम वाईट वागले असे नव्हे. परंतु स्वतःचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कुलपात असणे म्हणजे काय, ते त्या दिवशी आम्हा सर्वांना कळले. २००२ साली तेथील गृहखात्याने परिपत्रक काढून मालकांनी पासपोर्ट ठेवून घेण्यास मनाई केली. प्रथा मात्र लगेच गेली नाही.

कुटुंब आणण्याचा प्रश्न निराळा होता. पुरुषाला ठरावीक पगारावर बायकामुले आणता येत. बाईला नवरा-मुले आणायची तर ती ठराविक व्यवसायांत असावी लागे. दुबईत डॉक्टर, शिक्षिका यांच्याबरोबर परिचारिकेलाही ती सवलत होती. तोही व्हिसा वर्षावर्षाने नवा करावा लागे आणि नवऱ्याला नोकरी करायची तर त्याचा निराळा परवाना. मुंबईत घरचा कर्ता म्हणून वावरलेल्या माणसाच्या पासपोर्टावर ‘स्पॉन्सर’ म्हणून बायकोचे नाव येणे काहींना जड गेले. काही घरांत त्यावरून वर्षभर अबोला झाला, काही घरांत ती थट्टेची गोष्ट झाली. मुलींना लग्न होईतो आईबापांच्या इकाम्यावर राहता येई, पण मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याचा प्रश्न उभा राही. म्हणून मॅट्रिकच्या सुमारास मुलगे मुंबईला आजीकडे जात. आपल्या समाजातील एका पिढीच्या आज्यांनी केलेले हे काम कोठेही नोंदलेले नाही.

न बोललेली गोष्ट

आमच्यापुरती आणखी एक अडचण होती. अमिरातीने १९७२ साली पंधराव्या क्रमांकाचा कायदा करून इस्राएलशी सर्व व्यवहारांवर बहिष्कार घातला होता. व्हिसाच्या अर्जात धर्माचा रकाना असे, आणि त्या रकान्यापाशी आपल्या माणसांचे पेन क्षणभर थांबत असे. आमची आडनावे पेण, दिवे, नवगाव अशा गावांची. सहकाऱ्यांना ती इतर कोकणी लोकांसारखीच वाटत आणि कोणी पुढे विचारीत नसे. शेजाऱ्यांकडून, अरब रुग्णांकडून आम्हाला त्रास झाला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

परंतु ज्यांचे भाऊ-बहिणी अश्दोद, लोद, दिमोना येथे होते त्यांना थेट फोन करता येत नसे. पत्र आधी मुंबईस, तेथून दुसऱ्या पाकिटात घालून इस्राएलला, आणि उत्तर त्याच वाटेने. भारताचे इस्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जुळले, पण दुबईहून फोन लागायला १६ ऑगस्ट २०२० उजाडावा लागला. त्याच महिन्यात १९७२ चा कायदा रद्द झाला आणि १५ सप्टेंबर २०२० रोजी करार झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अबू धाबीच्या सादियत बेटावर मोझेस बेन मैमोन सिनेगॉगचे उद्घाटन झाले. तोवर आमच्यापैकी बहुतेक जणी निवृत्त होऊन परतल्या होत्या, आणि ज्यांना फोन करायचा त्यांतले कितीतरी राहिले नव्हते.

नियम कसे बदलले

मुदत संपूनही राहिलेल्यांना दंडाशिवाय जाण्याची वा कागद नीट करण्याची सवलत अमिरातीने १९९६ साली आणि पुढे २००३, २००७, २०१२-१३, २०१८ व २०२४ मध्ये दिली. २०११ पासून कामाचा परवाना दोन वर्षांचा झाला आणि मुदत पुरी केलेल्याला जुन्या मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलणे सुलभ झाले. २०१६ पासून करार व नोकरी सोडणे यांविषयी आणखी स्पष्ट नियम आले. २०१९ साली कुटुंब आणण्यासाठीची व्यवसायाची अट गेली आणि पगाराचीच अट राहिली. १९८० च्या कामगार कायद्याची जागा २ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या कायद्याने घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मुलगे २५ वर्षांपर्यंत आईबापांबरोबर राहू शकतात असे ठरले. भारताच्या बाजूने २०१५ पासून परिचारिकांची आखातातील भरती सरकारी संस्थांमार्फत करण्याचा नियम आला, कारण एजंट लाखो रुपये उकळत होते. मे २०२५ मध्ये परिचारिका दिनी दुबईच्या सरकारी आरोग्यसेवेत १५ वर्षांहून अधिक काम केलेल्या परिचारिकांना दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा जाहीर झाला. ती बातमी वाचून आनंद झाला, आणि ज्या वीस-वीस वर्षे रात्रपाळ्या करून साठीच्या सुमारास इकामा रद्द करून निघून आल्या त्यांची आठवणही झाली. त्यांना मिळाली ती ग्रॅच्युइटी : पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन, पुढे दर वर्षी ३० दिवसांचे. निवृत्तिवेतन नाही.

दोन प्रकारचे राहणे

इस्राएलमधील वाचकांना येथे एक तुलना सुचेल. तेथे १९५० च्या परतीच्या कायद्याने आपल्याला राहण्याचा हक्क दिला. त्या हक्काच्या पायावर उभे राहूनच आपल्या बांधवांना लग्नांच्या नोंदणीवरून झालेल्या अन्यायाविरुद्ध झगडता आले आणि १९६४ साली ते जिंकले. अमिरातीत आमचा तसा हक्क नव्हता, असेही कोणी कधी सांगितले नव्हते. त्या देशाने पगार वेळेवर देण्याचा आणि मुदत संपेतो राहू देण्याचा शब्द दिला, आणि आमच्या अनुभवात तो बहुतेकदा पाळला. त्या पगारातून मुंबई-ठाण्यात घरे झाली, बहिणींची लग्ने झाली, काहींच्या अलियाचा खर्चही निघाला. मात्र बारा महिने चोवीस तास ‘कागद ठीक आहे ना?’ ही धास्ती मनात असे. ती पगारात मोजली जात नसे, पण तीही किंमतच होती.

आता आपल्यापैकी काहींची नातवंडे अमिरातीत नोकरीस जात आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : कराराची मूळ प्रत वाचल्याशिवाय सही करू नका, पासपोर्ट स्वतःपाशी ठेवा, आणि डिप्लोमा किंवा पदवीची नोंदणी मायदेशी चालू ठेवा. इकाम्याची मुदत संपली की तो कागद निकामी होतो. नोंदणी असली की कोठेही पुन्हा उभे राहता येते.

आणि ज्यांच्या कपाटात जुने शिक्के मारलेले पासपोर्ट, बताके, दवाखान्यांची पत्रे पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. त्यांच्या प्रती सिनेगॉगच्या कचेरीत आणून दिल्या तर पुढल्या स्मरणिकेत आमच्याहून चांगला इतिहास लिहिणारे कोणी निघेल. सर्वांना शालोम.