उन्हाळ्यातील अंगणबाग : बेळगाव-निपाणी भागातील कुंड्यांची निगा

बेळगावात पावसाळ्याचे चार महिने कुंडीतले पाणी बाहेर कसे जाईल ही काळजी असते. फेब्रुवारी उजाडला की तेच पाणी आत कसे टिकेल ही काळजी सुरू होते. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, त्यामुळे तिथे हे दिवस अधिक लांबतात. एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणी चार-सहा दिवसांआड येऊ लागले, की घरच्या तुळशीलाही मोजूनच पाणी मिळते. म्हणून घातलेले पाणी मुळांपर्यंत पोहोचते का, हे आधी पाहावे.

शेतातली काळी माती कुंडीत भरण्याची आपल्याकडे सवय आहे. शेतात ती सोने खरीच, पण कुंडीत वाळली की आकसते आणि कडेने फट पडते. पाणी त्या फटीतून सरळ तळाला जाते. खालून पाणी गळाले म्हणून आपण समाधानी, आणि मुळे कोरडीच! अशी कुंडी पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. नवी कुंडी भरताना दोन घमेली लाल माती, एक घमेले कुजलेले शेणखत आणि एक घमेले भाताचा तूस किंवा नारळाचा भुसा, हे मिश्रण चांगले. खत ताजे नको. वर दोन इंच उसाचे पाचट पसरावे. ते आपल्या भागात मागितले तर फुकट मिळते.

खानापूरची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडते, त्यामुळे मुळे थंड राहतात, पण पाणी जास्त लागते. काळी प्लास्टिकची कुंडी पाणी धरते, मात्र उन्हात तापते. ती थोड्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी. शहाबादी फरशीवर कुंड्या थेट ठेवू नयेत, खाली दोन विटा द्याव्यात. दुपारनंतरची पश्चिमेची ऊन्हे अडवली तर निम्मे काम होते.

पाणी सकाळी लवकर द्यावे. बोट दोन इंच खुपसून ओल लागली, तर त्या दिवशी देऊ नये. संक्रांतीची न रंगवलेली सुगडे टाकू नका. मोठ्या कुंडीत सुगड गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून वर पणती झाकावी. पाणी मुळांजवळ हळूहळू पाझरते. तेलाच्या रंगाने रंगवलेले सुगड मात्र पाझरत नाही.

निपाणी तंबाखूची पेठ असल्याने माव्यावर तंबाखूचे पाणी फवारण्याचा सल्ला हमखास मिळतो. मावा त्याने मरतो, पण निकोटिन हे माणसालाही विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात जाते. शिवाय वाळलेल्या तंबाखूतही मोझाइक रोगाचा विषाणू टिकून राहतो आणि टोमॅटो, मिरचीला लागतो. घरात नातवंडे असतील तर हा उपाय नकोच. लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.

कूपनलिकेच्या पाण्याने कुंडीवर पांढरा थर येतो, तो क्षारांचा. तो खरवडून काढावा आणि वळवाच्या पहिल्या जोरदार सरीत कुंड्या उघड्यावर ठेवून माती धुऊन निघू द्यावी. त्याच वेळी सुगडे काढून पालथी घालावीत, नाहीतर त्यांत डास होतात.