मोटारहोममधील दूरचित्रवाणी : अँटेना, उंची आणि दिशा

मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. अमेरिकेत ‘आरव्ही’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाहनात स्वयंपाकाचा ओटा, झोपण्याची जागा, स्नानगृह आणि बहुधा एक दूरचित्रवाणी संचही असतो. त्या संचावर चित्र आणण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे छतावरचा साधा अँटेना. अमेरिकेत स्थानिक केंद्रे आजही आपले कार्यक्रम मनोऱ्यांवरून हवेतून विनामूल्य प्रक्षेपित करतात. त्यासाठी ना तबकडी लागते, ना मासिक वर्गणी. मुलांकडे वा नातेवाइकांकडे तिकडे गेलेली आपल्याकडची कुटुंबेही असे वाहन भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्याने पाहण्यास निघतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामी ‘काल दिसत होते ते आज का दिसत नाही’ हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. ओक्लाहोमा, कॅन्सस यांसारख्या राज्यांत वसंत ऋतूत चक्रीवादळांचा, म्हणजे जमिनीवरून फिरत जाणाऱ्या ‘टॉर्नेडो’चा धोका असतो. अशा वेळी स्थानिक केंद्रे नेहमीचे कार्यक्रम थांबवून वादळाचा मार्ग नकाशावर सतत दाखवीत राहतात. राष्ट्रीय हवामान सेवेचे इशारे ‘काउंटी’ या प्रशासकीय विभागाच्या नावाने सांगितले जातात. त्या प्रदेशात जन्म घालवलेल्याला ती नावे पाठ असतात. वाटसरूला आपण कोणत्या काउंटीत मुक्काम केला आहे हेही ठाऊक नसते. नकाशा दिसला तर उमज पडतो. मोबाइलचे जाळे दूरच्या कॅम्पग्राउंडवर अनेकदा क्षीण असते आणि मोटारहोम हे तर टॉर्नेडोत थांबण्यास अत्यंत धोकादायक ठिकाण. वेळेवर कळले तर पक्क्या इमारतीत जाता येते. झोपेत असलेल्याला दूरचित्रवाणी जागे करीत नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. त्यासाठी १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारा आणि इशारा येताच स्वतः वाजू लागणारा हवामान-रेडिओ वेगळा बाळगावा लागतो.

आता लहरींकडे वळू. दूरचित्रवाणीच्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्यांना क्षितिजाची मर्यादा पडते. प्रक्षेपक मनोरा ३०० मीटर उंच आणि छतावरचा अँटेना जमिनीपासून ४ मीटरवर असेल, तर सपाट प्रदेशात ही मर्यादा सुमारे ८० किलोमीटरची येते. मध्ये टेकडी असली तर ती बरीच आधी संपते. खोक्यावर ‘दीडशे मैलांचा अँटेना’ असे छापलेले असते, त्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. पल्ला ठरतो तो मनोऱ्याची उंची, त्याची शक्ती आणि मधला भूभाग यांवर. अँटेनाच्या गुणाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

अमेरिकेत केंद्रे तीन पट्ट्यांत विभागलेली आहेत. वाहिनी २ ते ६ हा खालचा व्हीएचएफ पट्टा, ७ ते १३ हा वरचा व्हीएचएफ आणि १४ ते ३६ हा यूएचएफ. अँटेनाची लांबी तरंगलांबीच्या अर्ध्याइतकी असणे सोयीचे असते. ६०० मेगाहर्ट्झला ही अर्धी लांबी २५ सेंटिमीटर भरते, सातव्या वाहिनीला सुमारे ८५ सेंटिमीटर आणि दुसऱ्या वाहिनीला अडीच मीटरांहून अधिक. वहीच्या कागदाएवढा सपाट अँटेना यूएचएफवर चांगला चालतो आणि सातव्या वाहिनीवर मुकाट बसतो, त्याचे कारण हेच.

येथे एक गोंधळ होतो. पडद्यावर दिसणारा क्रमांक आणि प्रत्यक्ष प्रक्षेपणाची वाहिनी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी संपले आणि पुढे ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग मोबाइल कंपन्यांना दिल्यावर २०२० पर्यंत शेकडो केंद्रांनी पुन्हा जागा बदलल्या. लोकांच्या ओळखीचा क्रमांक मात्र त्यांनी सोडला नाही. त्यामुळे पडद्यावर ‘२’ दाखवणारे केंद्र प्रत्यक्षात ३३व्या वाहिनीवर असू शकते. खरी वाहिनी, मनोऱ्याची दिशा आणि अंतर ही माहिती अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाच्या नकाशावर किंवा ‘रॅबिटइअर्स’ या संकेतस्थळावर मुक्कामाचे ठिकाण टाकले की मिळते. पुढच्या गावी नेट मिळेलच असे नाही. निघण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घेणे शहाणपणाचे.

अँटेना दोन प्रकारचे असतात. एक सर्व दिशांनी घेणारा, थाळीसारखा, छतावर कायम बसवलेला. तो वर काढावा लागत नाही, फिरवावा लागत नाही. दुसरा दिशा धरणारा. त्यात सर्वांत परिचित म्हणजे १९५४ मध्ये आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे स्थापन झालेल्या विनगार्ड कंपनीचा, वटवाघळाच्या पसरलेल्या पंखांसारखा दिसणारा अँटेना. आतून हँडल फिरवून तो उभा करतात आणि छताला लागलेली कडी खाली ओढून हव्या त्या दिशेला वळवतात. सर्वदिशी अँटेना शहराजवळ पुरेसा ठरतो. पण तो सर्व बाजूंची परावर्तनेही तितक्याच आदराने स्वीकारतो. मनोरे ५०-६० किलोमीटरवर गेले की दिशा धरणाऱ्याला पर्याय नाही. थोडे कष्ट करण्याची तयारी असेल त्याने तोच घ्यावा.

दिशा साधणे हे हळूहळू करण्याचे काम आहे. जुन्या अ‍ॅनालॉग चित्रात अँटेना किंचित फिरवला की मुंग्या कमी-अधिक होत, म्हणजे चित्र स्वतःच वाट दाखवीत असे. डिजिटल चित्र तसे करीत नाही. सिग्नल गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर असेल तोवर चित्र निर्दोष असते. त्याखाली गेला की चौकटी फुटतात आणि लगेच पडदा काळा होतो. म्हणून संचाच्या मेनूमधील सिग्नल-मापक उघडून ठेवावा लागतो. त्यात ‘शक्ती’ आणि ‘गुणवत्ता’ असे दोन आकडे असतील, तर लक्ष गुणवत्तेवर ठेवावे. अँटेना थोडा फिरवून पाच-दहा सेकंद थांबावे, कारण मापक मागाहून पोहोचतो. भराभर फिरवणाऱ्याला योग्य दिशा हातून निसटून गेल्याचे कळतही नाही.

दिशा साधल्यानंतर वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा लागतो. हे प्रत्येक मुक्कामी करावयाचे. संचाच्या स्मरणात कालच्या गावाची यादी असते आणि ती आजच्या गावात निरुपयोगी ठरते. पुष्कळ तक्रारींचे मूळ एवढेच असते. मनोरे दोन भिन्न दिशांना असतील तर पहिल्या दिशेला पूर्ण शोध घेऊन, अँटेना वळवून, आधीची यादी न पुसता भर घालणारा पर्याय संचात असल्यास तो निवडावा.

गाडी कोठे उभी केली आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. ओली पाने यूएचएफ लहरी शोषून घेतात. पावसानंतर दाट झाडीखाली काल आलेले केंद्र आज गेलेले असते. शेजारच्या मोटारहोमची धातूची भिंत लहरी परतवते, आणि थेट लहर व परतलेली लहर एकमेकींना मारक ठरू शकतात. यूएचएफची तरंगलांबी अर्ध्या मीटरच्या आसपास असल्याने अशा वेळी गाडी एखाद्या मीटरने पुढे-मागे घेतली तरी चित्र उमटते. हे जादूसारखे वाटले तरी साधे भौतिकशास्त्र आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या गाडीत अँटेना आत ठेवणे मात्र जवळजवळ व्यर्थच.

सर्वाधिक पैसा वाया जातो तो वर्धकावर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर. चित्र येत नाही म्हटले की दुकानदार अधिक शक्तीचा वर्धक सुचवतो. वर्धक सिग्नल वाढवतो तसा सोबतचा गोंगाटही वाढवतो आणि स्वतःचा थोडा गोंगाट त्यात मिसळतो. जे अँटेनावर पोहोचलेच नाही, ते तो निर्माण करू शकत नाही. त्याचे खरे काम केबलमधील आणि जोडांतील तूट भरून काढणे. चांगल्या केबलच्या १५ मीटर लांबीत यूएचएफवर अडीच डेसिबलच्या आसपास तूट येते. दोन संचांसाठी स्प्लिटर लावला की आणखी साडेतीन. दोन्ही मिळून मूळ सिग्नलचा जेमतेम चौथा हिस्सा संचापर्यंत उरतो. ही तूट होण्यापूर्वी, म्हणजे अँटेनाच्या मुळाशीच वर्धक असला पाहिजे. संचामागे बसवलेला वर्धक आधीच गोंगाटात बुडालेल्या सिग्नलला बाहेर काढू शकत नाही.

वटवाघळी अँटेनात असा वर्धक मुळातच असतो. त्याला लागणारी १२ व्होल्ट वीज त्याच केबलमधून वर जाते आणि तिचे बटण भिंतीवरच्या लहान पट्टीवर, बहुधा कपाटाच्या आत, असते. बटणाशेजारचा दिवा लागला असेल तर अँटेना जोडलेला. विझला असेल तर कॅम्पग्राउंडची केबल जोडलेली. कित्येकांनी नवा अँटेना विकत घेतल्यावर या बटणाचा शोध लावला आहे. याउलट शहराच्या मध्यात, मनोऱ्यांच्या पायथ्याशी, वर्धकच सिग्नलाच्या माऱ्याने गुदमरतो आणि एकही केंद्र नीट दिसत नाही. तेव्हा अँटेना मुद्दाम दुसरीकडे वळवावा.

बटण चालू असूनही काही दिसत नसेल तर केबलकडे पाहावे. मोटारहोम हे सतत हादरणारे आणि पावसात भिजणारे घर आहे. छतावरच्या जोडात पाणी शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो, आतली तार सैल होते. मल्टिमीटरने अँटेनाकडच्या टोकाला मधली तार आणि बाहेरचे आवरण यांमध्ये १२ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो का, ते तपासावे. मिळत नसेल तर वाटेत कोठेतरी तार तुटली आहे, किंवा वीज पुढे न जाऊ देणारा स्प्लिटर मध्ये बसला आहे. नव्या केबलचा तुकडा घेऊन अँटेनापासून वीजपट्टीपर्यंत आणि तेथून संचापर्यंत तात्पुरती थेट जोडणी करून पाहिली, तर दोष भिंतीतल्या जुन्या केबलचा की अँटेनाचा, याचा निवाडा दहा मिनिटांत होतो. अर्थात छतावर चढताना ते ओले नसावे आणि खाली कोणीतरी असावे.

एक शत्रू गाडीच्या आतही असतो. स्वस्त एलईडी दिवे, बॅटरीच्या विजेपासून घरगुती वीज करणारा इन्व्हर्टर, सौरपट्ट्यांचा नियंत्रक, फोनचे चार्जर ही सारी उपकरणे विजेची वेगाने उघडझाप करतात आणि रेडिओलहरींचा कचरा बाहेर टाकतात. त्याचा उपद्रव व्हीएचएफला अधिक. एकेक उपकरण बंद करून मापकाकडे पाहिले की अपराधी सापडतो.

ज्यांचा मुक्काम एकाच ठिकाणी महिना-दोन महिने असतो, ते गाडीच्या शिडीला सरकत्या नळ्यांची काठी बांधून तिच्यावर यागी-उदा अँटेना चढवतात. १९२६ मध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या जपानी संशोधकांनी पुढे आणलेली ही रचना आपल्याकडच्या वाचकांना अनोळखी नाही: दूरदर्शनच्या काळात घरोघरी कौलांवर दिसणारा माशाच्या काट्यासारखा अँटेना तो हाच. काही मीटर उंची वाढल्याने क्षितिज फारसे लांबत नाही, पण शेजारच्या गाड्या आणि झुडपे खाली राहतात, आणि खरा लाभ तेथेच होतो. धातूची अशी काठी उभारण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहिलेच पाहिजे. विजा कडाडू लागल्या की काठी उतरवावी.

ब्रिटनमध्ये प्रवास करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तेथील मुख्य मनोऱ्यांच्या लहरी बहुधा आडव्या असतात, तर दऱ्याखोऱ्यांसाठी उभारलेल्या लहान उपकेंद्रांच्या सहसा उभ्या. म्हणून तिथे अँटेना दिशेला वळवणे पुरत नाही. प्रसंगी तो नव्वद अंशांनी कुशीवर करावा लागतो. शेजारच्या घरांवरचे अँटेना कसे बसवले आहेत, याकडे एक नजर टाकली की उत्तर मिळते.

भारतात ही सारी खटपट आता फारशी उपयोगी नाही. दूरदर्शनचे बहुतेक अ‍ॅनालॉग भूप्रक्षेपक २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असले, तरी अशा वाहनात विनामूल्य वाहिन्या हव्या असल्यास डीडी फ्री डिशची तबकडी उपग्रहाकडे लावणे हाच मार्ग उरतो, आणि तीत झाडाची एक फांदीही आड आलेली चालत नाही.

अमेरिकेत मुक्काम हलवताना उभा अँटेना खाली घेण्याचे राहून जाणे ही नित्याची चूक आहे. खाली घेण्यापूर्वी तो मूळ दिशेला परत फिरवावा लागतो, नाहीतर पंख छतावरच्या अन्य वस्तूंवर आपटतात. उभ्या अँटेनासह गाडी निघाली तर पहिल्याच फांदीला वा पेट्रोलपंपाच्या छपराला तो मोडतो आणि मुळाशी पडलेल्या भेगेतून पावसाचे पाणी आत येऊ लागते. अनुभवी प्रवासी यावर साधा उपाय करतात: अँटेना वर काढला की गाडीची किल्ली त्याच्या हँडलला अडकवून ठेवतात.