वळिवड्याच्या बाया

माझ्या आज्जीचं माहेर वळिवड्याजवळचं. लग्न होऊन ती निपाणीला आली. दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपली, की ती तिकडच्या गोऱ्या बायांच्या गोष्टी सांगत बसायची. "खुणा करून भाव करायच्या गं. पुढं मराठी बोलाय लागल्या." मला वाटायचं, इंग्रज असतील. त्या पोलंडच्या होत्या, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

1940-41 मध्ये रशियानं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं घरातून उठवून सायबेरिया-कझाकस्तानात नेली. पुढं हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. त्यातली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलंच, इराणमार्गे वळिवड्याला पोचली. 1943 पासून तिथं त्यांचं गावच वसलं. शाळा, चर्च, नाटकं, सगळं. पोलंडचे सैनिक इटलीत लढत होते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही त्याच आघाडीवर होते. युद्ध जिंकायचं आणि घरी जायचं, एवढीच आशा.

युद्ध जिंकलं. पण फेब्रुवारी 1945 मध्येच याल्टाला रुझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडची पूर्व सीमा मागं सरकवायचं ठरवलं होतं. ज्या देशावरच्या हल्ल्यानं हे युद्ध सुरू झालं, त्याचा एकही माणूस त्या बैठकीत नव्हता. बदल्यात पोलंडला पश्चिमेला जर्मनीची जमीन मिळाली. नकाशाचा हिशेब जुळला. पण वळिवड्यातल्या बहुतेकींची घरं आता रशियात गेली होती.

1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. थोड्या पोलंडला गेल्या, बऱ्याचजणी इंग्लंड आणि इतर देशांत पांगल्या. त्या रिकाम्या बराकींत फाळणीनं उठवलेले सिंधी लोक आले. तेच आजचं गांधीनगर.

1 नोव्हेंबर 1956 ला आमचं निपाणी म्हैसूर राज्यात गेलं, कोल्हापूर मुंबई राज्यात राहिलं. आमचं दुःख त्या बायांएवढं नाही. आम्हाला कुणी घरातून उठवलं नाही. पण विचारल्याशिवाय आखलेली रेघ काय असते, ते सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आज्जीचं माहेर तिथंच राहिलं आणि परराज्यातलं झालं.

"त्या पोचल्या का गं घरी?" असं ती म्हातारपणी विचारायची. तेव्हा मला उत्तर ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि ती नाही. असती तरी मी सांगितलं असतं का, कोण जाणे.