सँटी-पीडी दुआब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिण कॅरोलायनाच्या पूर्व भागात, सँटी व पीडी या नद्यांच्या दरम्यान पसरलेला हा दलदलींचा मुलूख अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या उत्तरार्धात गनिमी युद्धाचे प्रमुख क्षेत्र होता. समुद्राकडील बाजूस भाताचे व निळीचे मळे होते; आत, ब्लॅक नदीच्या आसपास विल्यम्सबर्ग भागात स्कॉच-आयरिश प्रेसबिटेरियन शेतकऱ्यांची वस्ती होती.

१२ मे १७८० रोजी चार्ल्सटन इंग्रजांच्या हाती पडल्यावर तटस्थतेचे वचन देऊन घरी परतलेली स्थानिक शिबंदी स्वस्थ बसण्याच्या मनःस्थितीत होती. परंतु सेनापती सर हेन्री क्लिंटन याने ३ जूनच्या जाहीरनाम्याने ती तटस्थता रद्द केली आणि राजपक्षाला सक्रिय साहाय्य न करणारा तो बंडखोर, असा दंडक घातला. शांत झालेला मुलूख पुन्हा पेटला, याचे मोठे दायित्व या अविचाराकडेच जाते.

ऑगस्टमध्ये विल्यम्सबर्गच्या पथकांचे नेतृत्व ह्यूगनॉ कुळातील मळेवाला फ्रान्सिस मॅरियन याच्याकडे आले. पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन टिपूविरुद्ध मराठ्यांशी सख्य करणाऱ्या लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेची रसद चार्ल्सटनहून कॅमडेनकडे सँटीच्या मार्गाने जात असे, आणि मॅरियनचा रोख नेमका त्या मार्गावर होता. नेल्सन्स फेरी या तरीच्या घाटाजवळ त्याने कॅमडेनच्या लढाईत इंग्रजांनी पकडलेले सुमारे १५० अमेरिकन कैदी सोडविले. त्याचे लोक स्वतःचे घोडे घेऊन, बिनपगारी लढत आणि सुगीच्या दिवसांत घरी जात, त्यामुळे फौजेची संख्या सतत बदले. तथापि धान्य, बातमी व वाटाड्या पुरविणारी घरे कायम राहत, आणि या फौजेचे खरे बळ तेच होते. हे ओळखूनच सप्टेंबरमध्ये इंग्रज अधिकारी मेजर वीम्सने किंग्सट्रीपासून चेरॉपर्यंत घरे जाळीत नेली व इंडियनटाउनचे प्रार्थनामंदिरही भस्मसात केले. पण बेघर झालेले पुरुष मॅरियनकडेच आले. लिंचेस व पीडीच्या संगमाजवळील स्नोज आयलंड हे त्याचे आश्रयस्थान मार्च १७८१ मध्ये उद्ध्वस्त झाले, तरी एप्रिलमध्ये त्याने व अमेरिकन सैन्यातील अधिकारी हेन्री लीने लाकडी बुरूज रचून त्यावरून बंदुकांचा मारा केला आणि फोर्ट वॉटसन हे इंग्रजांचे ठाणे घेतले. मे महिन्यात इंग्रजांना कॅमडेन सोडावे लागले.

ही लढाई शेजाऱ्याशेजाऱ्यांतलीही होती. राजनिष्ठांची घरेही लुटली गेली, आणि मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना, त्यांतील काही मॅरियनच्या तळावर राबले असूनही, विजयानंतर स्वातंत्र्य लाभले नाही.